कोटेड कागदाच्या पेटंट अर्जापूर्वी

पॉलिथिनच्या थराशिवाय पाणी रोखणारा कागदी कपाचा लेप तुम्ही तयार केला असेल, तर त्याचा नमुना प्रदर्शनात मांडण्यापूर्वी मुंबईतल्या अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात किमान तात्पुरते विनिर्देशपत्र (शोधाचे प्राथमिक लेखी वर्णन) दाखल करावे आणि पूर्ण विनिर्देशपत्र त्यानंतरच्या 12 महिन्यांत द्यावे. मात्र केओलिन (पांढरी चिनी माती) किंवा कॅल्शियम कार्बोनेट लॅटेक्सच्या बंधकात, म्हणजे कण चिकटवून धरणाऱ्या द्रवात, मिसळून कागदावर चढवणे हा आता शोध नव्हे, छपाईचा चकचकीत कागद अनेक दशके तसाच बनतो. म्हणून पेटंट वर्गीकरणातल्या डी21एच या कागदाच्या वर्गातील जुनी पेटंटे आधी नीट चाळावीत. खरे काम चाचण्यांचे आहे. कॉब चाचणीत (कागद किती पाणी शोषतो ते मोजणारी चाचणी) 60 सेकंदांत प्रति चौरस मीटर किती ग्रॅम पाणी शोषले गेले, आणि घडीच्या जागी लेप तडकल्यावर तो आकडा किती वाढला, हे दोन्ही नोंदवावे. (घडीकडे मीही सुरुवातीला दुर्लक्ष केले होते आणि कपाच्या तळाशी चहा पाझरल्यावरच जागा झालो.) जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेत कागद स्वतःच ओलावा धरतो, त्यामुळे नमुने 23 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के सापेक्ष आर्द्रतेत स्थिरावल्याखेरीज मोजमाप घेऊ नये.