गुलमर्गचं हॉटेल ठरवताना: पत्ता आधी, फोटो नंतर

जानेवारीअखेर, सोबत सत्तरीतले आईवडील, गुलमर्गला तीन रात्री, हॉटेल उत्तमच हवं, आणि एजंटने पाठवलेल्या कोटेशनमध्ये 'गुलमर्ग: प्रीमियम हॉटेल किंवा तत्सम'. तुमच्या पोस्टमधली ही शेवटची ओळ वाचली आणि राहवलं नाही. विमान, गरम कपडे हे तुम्ही बघालच, त्यात जात नाही.

आमच्या कोटेशनमध्येही हेच 'किंवा तत्सम' होतं. कंपनी बऱ्यापैकी नावाजलेली, नाव घेत नाही. पैसे गुलमर्गच्या दराने घेतले आणि खोल्या दिल्या तंगमर्गला. तंगमर्ग गुलमर्गच्या खाली 13 किलोमीटर. नकाशावर हे अंतर काहीच वाटत नाही, पण हिवाळ्यात सगळी सहल त्या घाटावर अवलंबून असते. रात्रभर बर्फ पडला की सकाळी आधी रस्ता साफ होणार, मग गाड्या सोडणार. श्रीनगरहून आणलेली साधी गाडी तंगमर्गलाच अडवतात. पुढे चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर अशी स्थानिक गाडी करायची, तिचे पैसे वेगळे. सासूबाई त्या गर्दीत कुडकुडत उभ्या होत्या. वर पोहोचेपर्यंत गोंडोलाची, म्हणजे तिथल्या केबल कारची, आमची वेळ टळून गेली होती.

ऑफिसला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, तंगमर्ग म्हणजे गुलमर्गच की." ज्याने पॅकेज विकलं तो रजेवर. ऑपरेशन्सवाले म्हणाले, सेल्सशी बोला. परत आल्यावर लेखी तक्रार केली, तर 'किंवा तत्सम' याच शब्दांवर बोट ठेवून हात वर केले. एक रुपया परत मिळाला नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांशी असं वागतात याचा मला आजही संताप येतो.

म्हणून कळकळीने सांगते, हॉटेलचं नाव लेखी मिळाल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. नाव मिळालं की पत्ता नकाशावर बघा, आणि हॉटेलला स्वतः फोन करून त्या तारखांना तुमच्या नावाने खोली आहे का ते विचारा. 'कन्फर्म झालं की कळवतो' म्हणणाऱ्याला सरळ सोडा. खरं तर तुमच्या बजेटमध्ये पॅकेज घेऊच नये, हॉटेल थेट बुक करावं आणि श्रीनगरहून गाडी वेगळी ठरवावी. हे माझं मत. पॅकेजवर खूश असलेली माणसंही माझ्या ओळखीत आहेत. फोनवर आणखी एक विचारा: खोलीत सेंट्रल हीटिंग आहे की नुसतं इलेक्ट्रिक ब्लँकेट? आणि वीज गेली तर हीटिंग जनरेटरवर चालतं का? चकाचक फोटो असलेल्या हॉटेलांतही इथे गडबड असते.

गोंडोलाची तिकिटं केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, आणि तारखा ठरल्याबरोबर काढा. 'तिथे गेल्यावर करून देतो' यावर विसंबू नका. गुलमर्ग 2,650 मीटरवर, पहिला टप्पा कोंगदोरी साधारण 3,080 वर आणि दुसरा, अफरवट, जवळपास 3,950 वर. मी डॉक्टर नाही, पण बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आईवडिलांना दुसऱ्या टप्प्यावर नेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. कोंगदोरीलाही भरपूर बर्फ असतो. वारा वाढला की वरचा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळे तिकीट पहिल्या पूर्ण दिवसाचं घ्या, म्हणजे हाताशी एक दिवस उरतो.

स्कीइंग शिकायचं असेल तर खालच्या सौम्य उतारांवर, प्रशिक्षक घेऊन. वरचा भाग कसलेल्यांसाठी आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच बाजूला हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. गोंडोलात बसायला मात्र गाइड लागत नाही, कोणी कितीही मागे लागलं तरी.

आमच्या सहलीनंतर काही नियम बदलले असतील, त्यामुळे रस्त्याची आणि सुरक्षेची ताजी स्थिती निघण्याआधी हॉटेललाच विचारा. आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. घरातल्या निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या, शिवाय व्हाउचर आणि गोंडोलाची तिकिटं कागदावर छापून न्या.