वार ठरवा, भाजी ठरवू नका

प्रश्न : ताई, लालबागच्या आमच्या चाळीतले तीस-पस्तीस जण महिन्यातून एकदा एकत्र स्वयंपाक करणार आहोत. ज्या दिवसांत जे उगवतं, तेच रांधायचं. आमची गावं सुटली. मुलांनी भातलावणी चित्रातच पाहिलीय. वर्षभराचा बेत तारखांसकट छापून घरोघरी द्यायचाय. बारा महिन्यांची यादी द्याल का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : यादी मी मुद्दाम देत नाही. २०२३ साली मुंबईत मोसमी पाऊस २५ जूनला आला, २०२५ साली २६ मेला. तब्बल महिन्याचा फरक! शेवळं ही पावसाच्या सुरुवातीला उगवणारी रानभाजी. ‘जूनच्या दुसऱ्या रविवारी शेवळं’ असं छापलंत, तर एका वर्षी ती आलेलीच नसतील, दुसऱ्या वर्षी संपत आलेली असतील. मी हे भोगलंय. टाकळ्याचा, म्हणजे पावसाळी रानपाल्याचा, बेत सांगून बसले, पाऊस लांबला आणि शेवटी पालकावर भागवलं. सगळे पोटभर जेवले, पण ज्यासाठी जमलो ते पानात नव्हतं. ती हळहळ अजून आहे.

म्हणून फक्त वार पक्का करा. आदल्या सकाळी लवकर दादर स्टेशनबाहेर जा. पालघर, कसारा, कर्जतकडच्या आदिवासी बायका वाटे मांडून बसतात. “मावशी, आता काय निघतंय?” एवढंच विचारा, त्या सांगतील तोच तुमचा बेत. भाव पाडून मागू नका. अंधारात उठून रानातून आणलेला माल असतो तो. शेवळं मिळाली तर सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, हीही मागून घ्या. शेवळं घशाला खाजतात, काकडांच्या आंबट रसाने ती खाज मरते. आतला पिवळा भाग काढायचा, बारीक चिरायची आणि तेलावर नीट परतायची. पहिल्या खेपेला यातल्याच एखाद्या मावशींना चाळीत बोलवा, त्यांच्या हाताखाली शिका आणि बुडालेल्या दिवसाचे पैसे आधी हातावर ठेवा. आणि हो, ओळख पटल्याशिवाय स्वतः कुठलाही पाला खुडू नका.

एक जेवण मात्र तिथीला बांधा : ऋषिपंचमी, गणपतीचा दुसरा दिवस. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. आमच्याकडे मुरबाडला आई परसातलं, हाताने खणून लावलेलंच घ्यायची : अळू, माठ, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे. सगळं एका पातेल्यात. हिरवी मिरची, मीठ, चिंच, वरून ओलं खोबरं. फोडणी नाही. सोबत वरीचे तांदूळ. वर्षभर राबणाऱ्या बैलाला त्या दिवशी आमच्या ताटातून सुट्टी असायची, आणि ते मला सहाव्या वर्षी कळलं होतं, कुणी न शिकवता. मुंबईत कुठली भाजी कुणाच्या कष्टाची, हे सांगणं कठीण. तरी चिरायला बसलेल्या मुलांना प्रत्येक भाजीमागे विचारा, ही कुठून आली असेल, कुणी लावली असेल. घरातल्या आज्या आपोआप बोलायला लागतात.

अळू चिरणाऱ्यांनी हाताला चिंचेचं पाणी लावूनच बसावं. आणि पालेभाजी शिजून मूठभर होते. पस्तीस माणसांना पुरेल असं वाटतं, त्याच्या दुप्पट जुड्या आणा.