वाचकांचे प्रश्न : अठराव्या मजल्यावर भूकंप

प्रश्न : आम्ही दोघं एप्रिलमध्ये जपानला जातोय. टोकियोतलं हॉटेल अठराव्या मजल्यावर आहे. भूकंप झाला तर जिन्याने खाली पळायचं का?

उत्तर : नाही. हलत्या जिन्यावर माणूस पडतो, आणि बाहेर पोचलात तर वरून काचा आणि पाट्या कोसळत असतात. 1981 साली जपानने इमारतींचे भूकंपनियम कडक केले. त्यानुसार बांधलेल्या इमारती सहसा उभ्या राहतात. खोलीत डोकं फुटतं ते टीव्ही, दिवा किंवा आरशाने.

फोन कर्कश वाजला की हातात जेमतेम काही सेकंद असतात. आधी पोचणाऱ्या हलक्या लहरी टिपून यंत्रणा हा इशारा देते. केंद्र जवळ असेल तर इशारा आणि हादरा एकदमच येतात. इथून नेलेल्या फोनवर तो येईलच असं धरू नका, ‘सेफ्टी टिप्स’ हे अ‍ॅप आधीच टाकून ठेवा. खिडकीपासून लांब व्हा, टेबलाखाली शिरा आणि त्याचा पाय घट्ट धरा, कारण टेबलही सरकतं. टेबल नसेल तर पलंगाशेजारी गुडघ्यांवर बसून डोक्यावर उशी धरा. लिफ्टमध्ये असाल तर सगळ्या मजल्यांची बटणं दाबा आणि पहिल्या थांब्याला उतरा.

उंच इमारत होडीसारखी झुलते आणि बराच वेळ झुलते. 2011 च्या मार्चमधल्या मोठ्या भूकंपात केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ओसाकात एक 55 मजली इमारत सुमारे दहा मिनिटं हलत होती. खाली रस्त्यावर मात्र हादऱ्याचा अंक फक्त 3 होता. हा अंक ‘शिंदो’चा, म्हणजे त्या ठिकाणी जमीन किती हलली त्याचा. टीव्हीवर 4 दिसला तर तो रिश्टर समजू नका.

थांबल्यावर पहिलं काम बूट घालणं. अंधारात काच दिसत नाही. म्हणून रात्री बूट, टॉर्च आणि पासपोर्ट पलंगाशी ठेवा. मग दार उघडून फटीत पिशवी अडकवा. चौकट तिरकी झाली की दार जाम होतं. धूर नसेल तर कर्मचाऱ्यांच्या सूचनेची वाट पाहा. लिफ्ट वापरू नका. आठवडाभर तसेच धक्के येऊ शकतात.

प्रश्न : कामाकुराला समुद्रकिनारी असताना झाला तर?

उत्तर : जोराचा किंवा मिनिटभर चालणारा हादरा हाच त्सुनामीचा इशारा. भोंग्याची वाट न पाहता पायी उंचावर जा. 1 जानेवारी 2024 ला नोटो द्वीपकल्पात काही ठिकाणी लाट अवघ्या काही मिनिटांत आली. पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असं नाही, त्यामुळे सामानासाठी परतू नका. इशारा मागे घेतल्यावरच उतरा.

प्रश्न : घरी कळवायचं कसं?

उत्तर : फोन लागणं कठीण, मेसेज जातो. मोठ्या आपत्तीत पाच शून्यं आणि पुढे ‘जपान’ अशा नावाचं मोफत वायफाय सुरू होतं. ते सुरक्षित नसतं, त्यावर बँकेचे व्यवहार नकोत. वीज गेली की कार्ड चालत नाही. थोडे येन रोख ठेवा.