पश्चात्ताप होतो की करायचा असतो?

प्रश्न असा आहे: नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला गेलो असता ‘पश्चात्ताप करा’ अशी पाटी वाचली. पश्चात्ताप तर होतो, मग तो ‘करा’ असं कसं सांगता येईल? आणि पस्तावा, पश्चात्ताप, प्रायश्चित्त हे एकच का?

शंका रास्त आहे. एरवी आपण ‘मला पश्चात्ताप झाला’ म्हणतो. भूक लागते, राग येतो, त्यातलाच हा प्रकार. ‘भूक लाग’ असा हुकूम कुणी सोडत नाही. पण मराठी बायबलात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची हाकच ‘पश्चात्ताप करा’ अशी आहे (मत्तय 3:2). मूळ ग्रीक शब्द ‘मेतानोइया’, म्हणजे मन पालटणं. त्यामागे हिब्रूतलं ‘शूव’, मागे फिरणं. म्हणजे माणसानं स्वतः करायची गोष्ट. आपल्या शब्दात मात्र पश्चात् अधिक ताप, म्हणजे मागाहून होणारी नुसती तगमग. ही उणीव ‘करा’नं भरून निघते, आणि माझ्या मते छान निघते.

पस्तावा हे पश्चात्तापाचंच झिजलेलं रूप, पण संसारात त्याचं काम वेगळं. लासलगावला कांदा विकून आलो आणि दुसऱ्या दिवशी भाव चढला, तर होतो तो पस्तावा. त्याला पाप लागत नाही, तोटा पुरतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयानंही येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या पस्ताव्यासाठी वेगळं क्रियापद योजलंय. त्यानं चांदीची तीस नाणी परत केली, चूक कबूल केली आणि जाऊन गळफास घेतला. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं तर येशूबद्दल ‘मी त्याला ओळखत नाही’ असं तीनदा सांगितलं होतं; तो ढसाढसा रडला, पण परत फिरला.

प्रायश्चित्ताचा गुंता जास्त. नाशिककराला हा शब्द ऐकला की रामकुंड नाहीतर त्र्यंबकेश्वर आठवणार: विधी, दान, उपास, म्हणजे चुकणाऱ्यानंच काहीतरी भरून द्यायचं. ख्रिस्ती मराठीत तो दोन ठिकाणी येतो. बायबलातल्या योहानाच्या पहिल्या पत्रात (2:2; हा योहान बाप्तिस्मा करणारा नव्हे) ख्रिस्त स्वतःच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे, म्हणजे भरपाई दुसऱ्यानंच केलेली. कॅथलिकांत पापनिवेदनानंतर (कोकणीत याला कुमसार म्हणतात) धर्मगुरू एखादी प्रार्थना किंवा सत्कृत्य करायला सांगतात, तेही प्रायश्चित्तच. ती काही क्षमेची किंमत नव्हे. पापानं जे बिघडवलं ते सुधारण्याचा भाग. तेव्हा शब्द ऐकला की आधी बोलणारा कोण ते पाहावं.

क्षमेसाठी येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋण सोडणे’ असा प्रयोग आहे (मत्तय 6:12). तिथं ग्रीकमध्येही ऋणाचाच शब्द आहे. कर्जमाफीच्या याद्यांत नाव शोधणाऱ्या आपल्या जिल्ह्याला तो समजावून सांगायला नको. (माफी म्हटली की कर्जदार गुन्हेगार ठरतो, म्हणून शेतकऱ्यांचे नेते ‘कर्जमुक्ती’ म्हणा असा आग्रह धरतात. इथं मात्र गुन्हा कबूलच आहे.)

हे सगळे शब्द एकत्र पाहायचे तर लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला, बापाकडून घेतलेली वाटणी उडवून बसलेला उधळ्या मुलगा घ्या. डुकरं राखताना तो भानावर येतो आणि बापापुढे बोलायचं वाक्य मनात जुळवतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मोलकऱ्यासारखा ठेवा. मग उठतो आणि चालू लागतो. हे उठणं म्हणजे पश्चात्ताप. मोलकऱ्याची गोष्ट हे त्यानं स्वतःच ठरवलेलं प्रायश्चित्त. पण बाप लांबूनच पाहून धावत येतो, मिठी मारतो, आणि मुलाचं ते वाक्य पुरं होतच नाही. ‘लायकीचा नाही’ इथवर तो येतो, तोच बाप चाकरांना झगा, अंगठी, जोडा आणायला सांगतो. मोलकऱ्याचा विषय निघतच नाही.

लिहिताना मात्र पश्चात्ताप, ‘पश्चाताप’ नव्हे. प्रायश्चित्तातही शेवटी जोडाक्षर ‘त्त’. पाटीवर दोन्ही बरोबर असतील तर लिहिणाऱ्याला शाबासकी द्या.