फोनलाइनवरचं ब्रॉडबँड ८ एमबीपीएसपर्यंतचं घेतलं, पण डाउनलोड ३५० केबीच्या वर जात नाही आणि पाऊस लागला की सारखं तुटतं. वाडीत फायबर नाही. काय करता येईल?

अगदी हेच दुखणं आमच्या घरी होतं. रत्नागिरी जिल्ह्यात घर, एक्स्चेंजपासून तारेच्या वाटेने तीनेक किलोमीटर. दोन पावसाळे मी या लाइनच्या मागे होतो, त्यात जे हाती लागलं ते सांगतो.

आधी हिशेब करू. डाउनलोड होताना दिसतात ते किलोबाइट, प्लॅनवर लिहिलेले असतात ते मेगाबिट. एका बाइटचे ८ बिट, तेव्हा ३५० गुणिले ८, म्हणजे २८००, तुम्हाला २.८ एमबीपीएस मिळतंय. शिवाय एडीएसएलवर, म्हणजे फोनच्या तारेवरच्या या ब्रॉडबँडवर, डेटा ५३ बाइटच्या बारीक पाकिटांतून येतो आणि त्यातले ५ बाइट नुसते पत्त्याचे. असा वरखर्च धरला तर शेकडा १३ ते १५ वाटेतच जातात. तुमचा मोडेम एक्स्चेंजशी साधारण ३.३ एमबीपीएसवर जोडला जात असणार. हा अंदाज खरा निघाला तर निम्म्याहून जास्त वेग मोडेमपर्यंत पोचतच नाही, आणि मग नवा वायफाय राउटर आणून एक पैचाही फायदा नाही. दुकानदार तोच आधी विकतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

अंदाज ताडून बघा. लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला लावा, मोडेमच्या पाठीवरच्या स्टिकरवर जो पत्ता आहे तो ब्राउझरमध्ये टाका आणि ‘स्टेटस’ किंवा ‘डीएसएल’ नावाचं पान उघडा. तिथे तीन आकडे वहीत लिहून घ्या: डाउनस्ट्रीम लाइन रेट (मोडेम ज्या वेगाने जोडला गेला तो, केबीपीएसमध्ये), अ‍ॅटेन्युएशन आणि एसएनआर मार्जिन. शेवटचे दोन डीबीमध्ये, म्हणजे डेसिबलमध्ये असतात.

अ‍ॅटेन्युएशन सांगतं की तारेत सिग्नल किती विरला. ही तांब्याची जोडी टाकली होती बोलण्यासाठी, आणि बोलण्याला ३४०० हर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. एडीएसएलची सुधारित आवृत्ती, एडीएसएल २ प्लस, त्याच जोडीवरून २२ लाख हर्ट्झपर्यंत जाते. मोडेम या पट्ट्याच्या ५१२ अरुंद वाटा पाडतो आणि प्रत्येक वाट किती बिट झेलते ते जोडणीच्या वेळी तपासतो. वरच्या वाटा तांब्यात फार लवकर विरतात. एक्स्चेंजच्या शेजारच्या घराला त्या सगळ्या मिळतात, म्हणून कागदावर २४ एमबीपीएस लिहिलेलं असतं. तीन किलोमीटरवर वरच्या बहुतेक वाटा मुक्या होतात. ढोबळ मानाने दर किलोमीटरला १३-१४ डीबी जातात. २० च्या आत आकडा असेल तर लाइन उत्तम. ४०-४५ ला ४ ते ६ एमबीपीएस मिळालं तर समाधान मानावं. ६० च्या पुढे एक-दीडच्या वर फारशी आशा नाही. हा आकडा तुमच्या हातात नाही, कारण तार काही आखूड होत नाही. प्लॅनमधला ‘पर्यंत’ हा शब्द असतो तो यासाठीच.

तुमच्या हातातला आकडा म्हणजे मार्जिन. गोंगाटाच्या वर सिग्नल किती शिल्लक राहिला, ते तो दाखवतो. बहुतेक ठिकाणी मोडेम ६ च्या आसपास जोडून घेतो. तिथून ३-४ वर घसरला की लाइन तुटायला लागते. तुमच्याकडे उलटं दिसलं, मार्जिन २०-२५ आणि लाइन रेट २०४८ असा ठरीव, तर लाइन चांगलीच आहे, फक्त एक्स्चेंजमध्ये तुमच्या पोर्टला जुन्या प्लॅनचा प्रोफाइल, म्हणजे वेगाची मर्यादा, बांधलेला आहे. मग वायरीला हात लावू नका, फोन करून प्रोफाइल बदलून मागा.

आमच्या घरी अ‍ॅटेन्युएशन होतं ४४ आणि मार्जिन ५, लाइन रेट २२०० च्या आसपास. एवढ्या अंतराला हे कमी होतं, म्हणून घरातली वायर धरून चालत गेलो. पडवीत भिंतीवर रोझेट, म्हणजे फोनची तार जोडायची डबी होती, वीसेक वर्षांपूर्वीची. झाकण उघडलं तर आत मुंग्यांची माती, आणि दोन्ही स्क्रूंवर हिरवा थर, पितळेचं भांडं बरेच दिवस चिंच न लावता ठेवलं की चढतो तसा. त्याच स्क्रूंवरून दुसरी वायर माडीवर गेली होती. बाबांनी कधीकाळी तिथे फोनचा जोड घेतला होता. फोन केव्हाच काढला, पंधरा-सोळा मीटर वायर तशीच राहिली, टोक मोकळं.

खरा घात त्या मोकळ्या टोकाने केला होता. सिग्नल त्या फाट्यात शिरतो, टोकाला आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. काही वाटा त्यातच मरतात. माडीची वायर काढून टाकली, तारेची टोकं कापून स्वच्छ सोलली, नवी रोझेट बसवली आणि मोडेम बंद करून चालू केला. लाइन रेट ४६०० च्या जवळ. अंतर तेच, एक्स्चेंज तेच. बाबांना चार वेळा पान दाखवलं.

तुम्हीही तेच करा. बाहेरून तार जिथे घरात येते तिथे बाकी सगळं सोडवून मोडेम एकटाच लावा आणि आकडे लिहा. वाढले तर दोष घरात. मग एकेक गोष्ट परत जोडत या, कोणती जोडल्यावर आकडा पडतो ते कळेल. फोन ठेवायचा असेल तर तो स्प्लिटरमधूनच (फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी) गेला पाहिजे, आणि घरात दोन फोन असतील तर दोन्ही. मोडेमसाठी चपटी वायर लांबवर ओढू नका. तिच्या दोन तारा समांतर जातात आणि गोंगाट उचलतात. पीळ घातलेल्या जोडीत तो बराच कापला जातो. लॅन केबलमधली निळी आणि निळी-पांढरी जोडी या कामाला उत्तम. मोडेम तार येते तिथेच ठेवा आणि पुढे लॅन केबल न्या.

गोंगाट आणखीही कुठून येतो. तो शोधायला जुना ट्रान्झिस्टर रेडिओ असेल तर बाहेर काढा. आकाशवाणी पुणे मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं. हा आकडा एडीएसएलच्या पट्ट्यातच पडतो, म्हणजे मीडियम वेव्हवर जो गोंगाट ऐकू येतो तो तुमच्या लाइनलाही नडतो. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि मोडेम, इन्व्हर्टर, एलईडी दिवे यांच्याजवळून फिरवा. आमच्याकडे टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सच्या अ‍ॅडाप्टरपाशी तो करवतीसारखा ओरडला, आणि तो अ‍ॅडाप्टर मोडेमच्याच बोर्डावर होता. रात्री मीडियम वेव्हची लांबची स्टेशनं लागू लागतात, तशी ती तारेतही उतरतात. म्हणून रात्री मार्जिन थोडं पडलं तर घाबरू नका.

पावसात तुटणं मात्र बहुधा बाहेरचं. साधा फोन लावा, एक आकडा दाबून डायल टोन थांबवा आणि कान देऊन ऐका. खरखर असेल तर कुठेतरी जॉइंटमध्ये पाणी आहे. तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका, ती तक्रार भलत्याच टेबलावर जाते. ‘लाइनवर खरखर आहे, पावसात मार्जिन ३ वर येतं, सीआरसी एरर (वाटेत बिघडलेला डेटा) वाढतात’ असं सांगा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. आमच्याकडच्या पहिल्या तीन तक्रारी न बघताच बंद झाल्या होत्या. चौथ्यांदा लाइनमन आले तेव्हा मी त्यांच्याबरोबर डीपीपासून (खांबावरची, जिथून घरोघरी तारा फुटतात ती पेटी) घरापर्यंत चालत निघालो. फणसाच्या फांदीला तार घासून आवरण गेलं होतं, आणि पुढे हातभरावर नुसत्या चिकटपट्टीचा जॉइंट. त्यांनी तेवढा तुकडा काढून नवी तार घेतली, जेली भरलेले कनेक्टर दाबले आणि वर डीपीतली आमची जोडीही बदलून दिली. ‘स्पेअर जोडी असेल तर बदलून द्या’ हे जरूर म्हणा. आपणहून क्वचितच कुणी सुचवतं. भर पावसात खांबावर चढणाऱ्या या माणसाच्या हातात आपल्या लाइनचं सगळं असतं. त्यांना वहीतले आकडे दाखवले तर त्यांचंही काम निम्मं होतं.

अजून एक, हे फार घरांत सुटतं. एडीएसएलची वर जाणारी बाजू मुळातच चिंचोळी आहे, जेमतेम काहीशे केबीपीएस. एखादा फोन फोटोंचा बॅकअप टाकत असेल तर ती बाजू भरते, आणि उतरणाऱ्या डेटाची पोच वर पोचू शकत नाही, त्यामुळे डाउनलोडही बसतं. बॅकअप रात्री दोननंतर लावा. मासिक कोटा संपून वेग कापला गेलाय का तेही बघून घ्या, ते एका मिनिटाचं काम.

लेखी तक्रारीची वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा: २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ केबीपीएस होती, २०१३ मध्ये ती ५१२ झाली आणि २०२३ पासून २ एमबीपीएस आहे. तुमचं ३.३ त्याच्या वर आहे, पण पावसात खाली येत असेल तर त्या वेळचा आकडा तारीख-वेळेसह लिहून जोडा.

तुमचे तीन आकडे कमेंटमध्ये टाका. एकदा आहे तशा जोडणीचे, एकदा मोडेम एकटा लावून, आणि जमलं तर एक पाऊस पडत असतानाचे. अ‍ॅटेन्युएशन कळलं की तुमच्या लाइनकडून किती मागता येईल ते सांगतो. फक्त वीज कडाडत असताना रोझेटला हात लावू नका, आणि त्या वेळी मोडेमची नुसती विजेची पिन काढून भागत नाही, फोनची तारही काढून ठेवा.