एलएलएमची फी भरण्याआधी कॅलेंडर मांड

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पाच वर्षांच्या बीएसएल एलएलबीचं चौथं वर्ष संपतंय, २०२७ च्या उन्हाळ्यात पदवी हातात येईल, लगेच सप्टेंबरमध्ये इंग्लंडला एलएलएम (कायद्यातली मास्टर्स) करायचं आणि तिथूनच इंटर्नशिप व ट्रेनी सॉलिसिटरची, म्हणजे तिथल्या फर्ममध्ये शिकाऊ वकिलाची, जागा मिळवायची. हा क्रम बरोबर आहे का, आणि अर्जात आपल्याकडच्या कोर्टातल्या कामाला काही किंमत असते का?

मी लीड्समध्ये सॉलिसिटर आहे, मालमत्तेच्या व्यवहारांचं काम करते, आणि आमच्या फर्ममध्ये ट्रेनींचे अर्ज वाचणाऱ्यांत माझाही नंबर लागतो. तुझा क्रम चुकीचा नाही, पण त्यातल्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. ते आधी बघू.

एक गैरसमज आधी काढून टाक. एलएलएम केल्याने इथे कोणी सॉलिसिटर होत नाही. सप्टेंबर २०२१ पासून रस्ता एसक्यूईचा, म्हणजे सॉलिसिटर होण्याच्या पात्रता परीक्षेचा आहे: कुठल्याही विषयातली पदवी, एसक्यूई १, एसक्यूई २, दोन वर्षांचा कामाचा अनुभव आणि चारित्र्याची तपासणी. या यादीत एलएलएम कुठेच नाही. त्याचा खरा उपयोग व्हिसासाठी. इथली मास्टर्स पूर्ण केली की ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो आणि त्यावर स्पॉन्सरशिवाय, म्हणजे व्हिसासाठी हमी देणाऱ्या फर्मशिवाय, काम करता येतं. पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना हा व्हिसा दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार आहे. तू त्या तारखेनंतरच अर्ज करणार.

आता कॅलेंडर मांड. सप्टेंबर २०२७ ला तू येणार. मोठ्या फर्म्सचे फॉर्म तेव्हाच उघडतात, उन्हाळ्याच्या व्हेकेशन स्कीमची, म्हणजे फर्ममधल्या सुट्टीतल्या इंटर्नशिपची, मुदत साधारण डिसेंबर-जानेवारीत संपते, आणि ट्रेनिंग काँट्रॅक्टची, म्हणजे ट्रेनी म्हणून पगारी प्रशिक्षणाची, भरती काम सुरू होण्याच्या दोन वर्षं आधी, म्हणजे तुझ्या बाबतीत २०२८ च्या उन्हाळ्यातल्या स्कीमनंतर, होते. म्हणजे विमानातून उतरल्या उतरल्या अर्ज केलास, सगळं मनासारखं झालं, तरी तुझं काम सुरू होणार सप्टेंबर २०३० च्या आसपास. तुझं एलएलएम संपणार सप्टेंबर २०२८ ला, निकाल लागून ग्रॅज्युएट व्हिसा मिळेपर्यंत डिसेंबर उजाडणार, आणि तिथून १८ महिने मोजले की २०३० चा जून येतो. पहिल्या झटक्यात यश मिळालं तरी तीन महिने कमी पडतात! आणि पहिल्या झटक्यात ते फार थोड्यांना मिळतं.

दुसरा सापळा याहून बारीक आहे. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. बीएच्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असते, पण एलएलएमवाल्यांचा उन्हाळा प्रबंध लिहिण्याचा असतो आणि नियमाच्या दृष्टीने ते सत्रच असतं. व्हेकेशन स्कीम पूर्णवेळ चालते. तेव्हा उन्हाळ्याच्या स्कीममध्ये निवड होऊनही पंचाईत होते. नाताळ आणि ईस्टरच्या सुट्टीतल्या हिवाळी व वसंताच्या स्कीम तुला चालतील, फक्त विद्यापीठाकडून सुट्टीच्या तारखा लेखी घे. भारतातून ‘दोन आठवड्यांपुरती येते’ म्हणून व्हिजिटर व्हिसावर स्कीम करता येत नाही, बिनपगारी असली तरी. काही मोठ्या फर्म्स गव्हर्नमेंट ऑथराइज्ड एक्सचेंज या तात्पुरत्या व्हिसावर बाहेरची मुलं बोलावतात, पण तशा मोजक्याच.

मग करायचं काय? मी तुझ्या जागी असते तर आधी भारतातच वकिलीची सनद घेतली असती. पदवी, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, ऑल इंडिया बार परीक्षा, आणि मग मुंबई, गुरुग्राम किंवा बेंगळुरूतल्या एखाद्या कॉर्पोरेट फर्ममध्ये दोन-तीन वर्षं काम. कारण असं की परदेशात वकील म्हणून पात्र असलेल्यांना दोन वर्षांच्या अनुभवाची अट लागू नाही. एसक्यूईच्या दोन्ही परीक्षा आणि चारित्र्य तपासणी झाली की तू सॉलिसिटर. ट्रेनिंग काँट्रॅक्ट हवंच असं नाही. तुझ्या घरचे ‘आधी तिकडे जा, मग बघू’ म्हणत असतील तर हा मुद्दा त्यांना नीट समजावून सांग.

अर्थात परवाना मिळणं वेगळं आणि नोकरी मिळणं वेगळं. लंडनची फर्म भारतीय वकील घेते ती बँकिंग, प्रोजेक्ट फायनान्स, कॅपिटल मार्केट्स, आर्बिट्रेशन असल्या कामांसाठी, जिथे कागदपत्रं इंग्लिश कायद्याखालची असतात आणि भारतातही तसेच मसुदे चालतात. सेशन्स कोर्टात तीन वर्षं घासून तयार झालेला वकील माझ्या मते जास्त चलाख असतो, पण त्याचा अनुभव इथे कुठल्या खणात टाकावा हे भरतीवाल्यांना कळत नाही. अन्याय आहे, पण आहे असं.

एसक्यूई १ ला तू भारतात बसूनच हात घाल. ती पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात, जानेवारी आणि जुलैमध्ये होते. दोन दिवस, रोज १८० प्रश्न, पाच पर्यायांतून सर्वात योग्य एक, पुस्तक बंद. करार आणि टॉर्ट (नुकसानभरपाईचा दिवाणी कायदा) तुला ओळखीचे वाटतील, १८७२ चा आपला करार कायदा त्याच घराण्यातला. घाम फुटतो तो जमिनीच्या कायद्याला, मृत्युपत्रांना आणि सॉलिसिटरच्या हिशेबांना, म्हणजे अशिलाचा पैसा आणि फर्मचा पैसा वेगळा कसा ठेवायचा त्याला. दर वेळी साधारण निम्मेच पास होतात आणि सहा वर्षांत तीनच संधी मिळतात, तेव्हा ‘एकदा देऊन तर बघू’ असं करू नकोस. एसक्यूई २ मधल्या तोंडी परीक्षांसाठी मात्र इंग्लंड-वेल्समध्ये यावंच लागतं. दोन्हींची फी मिळून ५,००० पौंडांच्या जवळपास जाते, क्लासचे पैसे वेगळे. ट्रेनिंग काँट्रॅक्ट देणाऱ्या मोठ्या फर्म्स हा खर्च स्वतः उचलतात आणि वर राहण्या-खाण्याला पैसेही देतात, हे त्या वाटेचं खरं आकर्षण.

ट्रेनिंग काँट्रॅक्टच हवं असेल तर फर्म निवडताना आधी पगार बघ. हाव म्हणून नाही, व्हिसासाठी. स्किल्ड वर्कर व्हिसाला जुलै २०२५ पासून सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंडांची आहे. ट्रेनी ‘न्यू एंट्रंट’मध्ये, म्हणजे नवख्यांच्या गटात मोडतो, त्याला किमान ३३,४०० पौंड लागतात, आणि त्या पेशासाठी ठरवलेल्या दराचे ७० टक्के याहून वर असतील तर तेवढे. लंडनच्या मोठ्या फर्म्स पहिल्याच वर्षी ५०,००० च्या वर देतात, तिथे प्रश्न नाही. पण बाजारपेठेतल्या छोट्या फर्म्स, घरांचे व्यवहार, घटस्फोट, मृत्युपत्रं अशी कामं करणाऱ्या, त्यांचे ट्रेनी या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात. त्यांनी तुला कितीही आवडून घेतलं तरी स्पॉन्सर करता येणार नाही. सरकारच्या संकेतस्थळावर परवानाधारक स्पॉन्सरची यादी आहे. ज्या फर्मचं नाव त्यात नाही तिच्या फॉर्मवर शनिवार-रविवार घालवू नकोस. आणि फॉर्ममध्ये ‘स्पॉन्सरशिप लागेल का’ या रकान्यात खरं तेच लिही. तिथे ‘नाही’ लिहून पुढे सांगू म्हणणाऱ्यांची ऑफर जाते, आणि नियामकासमोर प्रामाणिकपणाचा प्रश्न उभा राहतो तो निराळाच.

लंडन म्हणजेच इंग्लंड असंही समजू नकोस. लीड्स, मँचेस्टर, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल इथे राष्ट्रीय पातळीवरच्या फर्म्सची मोठी कार्यालयं आहेत, काम तितकंच चांगलं आणि भाडं निम्म्याच्या आसपास.

आता अर्ज. आपल्याकडची मुलं इथेच गळतात, आणि हुशारी कमी पडली म्हणून नाही. सीव्हीवर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, ‘वरील माहिती सत्य आहे’ हे सगळं काढ. दोन पानं पुरेत. ‘युअर एस्टीम्ड फर्म’ हे शब्द दिसले की माझ्या शेजारची बाई चष्मा काढून डोळे चोळते. गुणांचं वेगळं दुखणं. फॉर्म विषयवार मार्क मागतो आणि इथल्या टू-वन या श्रेणीची अपेक्षा धरतो. इथली टू-वन म्हणजे ६० ते ६९ टक्के. तुझ्या विद्यापीठात ५८ ला वर्गात वरचा नंबर येत असेल तर हे भरती अधिकाऱ्याला आपोआप कळणार नाही. वर्गातला क्रमांक लिही, आणि महाविद्यालयाकडून त्याचं पत्र घे.

कोर्टातल्या कामाला किंमत आहे का, असं तू विचारलंस. आहे, पण ते कसं लिहितेस त्यावर. बहुतेक जण असं लिहितात: ‘एका ज्येष्ठ वकिलांकडे महिनाभर इंटर्नशिप. रिसर्च व ड्राफ्टिंग.’ यातून मला काही कळत नाही. त्यांच्यातलीच एखादी मुलगी असं लिहू शकली असती: ‘चेक न वटल्याच्या कलम १३८ च्या फाइलींमध्ये बँकेचा मेमो, नोटीस आणि तक्रार यांच्या तारखांचा तक्ता करायचे. एका फाइलीत नोटीस ३० दिवसांच्या मुदतीनंतर गेल्याचं तक्त्यात दिसलं, ते दाखल करण्याआधी वरिष्ठांच्या नजरेस आणलं.’ कलम १३८ काय हे इथल्या कोणाला माहीत नसतं, पण मुदत चुकणं म्हणजे काय हे इथला प्रत्येक सॉलिसिटर झोपेतही जाणतो. हे वाचल्यावर मी त्या मुलीला मुलाखतीला बोलावीन. अट एकच, ते खरं घडलेलं असावं, कारण मुलाखतीत पुढचे चार प्रश्न त्यावरच येतात.

‘आमचीच फर्म का?’ याला साधारण अडीच-तीनशे शब्द मिळतात. फर्मच्या संकेतस्थळावरची वाक्यं फिरवून लिहिलेली लगेच ओळखू येतात, आणि हल्ली चॅटबॉटकडून घेतलेली त्याहून लवकर, कारण एका दुपारी तोच परिच्छेद वेगवेगळ्या नावांनी येतो. एक व्यवहार किंवा एक खटला धर, तो का झाला आणि त्यात वकिलाने नेमकं काय केलं असेल हे सांग, आणि तुझ्या कामाशी त्याचा धागा जोड. फर्मचं नाव बदलूनही उत्तर चालत असेल तर ते फेकून दे. थोडेच अर्ज कर, पण मन लावून. आणि मुदतीची वाट बघू नकोस, बऱ्याच फर्म्स आलेले अर्ज येतील तसे वाचत जागा भरत जातात.

मग वॉटसन ग्लेझर, म्हणजे तर्कशक्तीची चाचणी. आपली मुलं यात पडतात ती जास्त माहिती असल्यामुळे. परिच्छेदात जेवढं दिलंय तेवढंच खरं धरायचं, पेपरात वाचलेलं बाहेर ठेवायचं. सराव केला की जमतं.

असेसमेंट सेंटरमध्ये, म्हणजे निवडीच्या शेवटच्या फेरीत, एक लेखी काम, एक केस स्टडी, गटचर्चा आणि पार्टनरची मुलाखत असते. मूट कोर्ट, म्हणजे कॉलेजातले लुटुपुटूचे खटले, गाजवलेल्यांनी गटचर्चेत जरा जपून. समोरच्याचा मुद्दा खोडून काढला की आपण जिंकलो असं त्यांना वाटतं, आणि परीक्षक मात्र गप्प बसलेल्या चौथ्या मुलाला ‘तुला काय वाटतं?’ असं कोण विचारतंय ते टिपत असतात. मुलाखतीत हमखास विचारतात तो प्रश्न ‘अलीकडची एखादी धंद्यातली बातमी सांग’ असा. इंग्लंडचीच हवी असं नाही. परदेशी लॉ फर्म्सना भारतात मर्यादित प्रवेश देणारे बार कौन्सिलचे नियम, २०२३ चे आणि मग २०२५ ची दुरुस्ती, यावर तू इथल्या कुठल्याही मुलापेक्षा जास्त आणि नेमकं बोलू शकशील. ते तयार करून ये.

पैशांबद्दल दोनच गोष्टी. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती उत्तम आहे, पण ती घेतली तर शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, तुझ्या बेताशी ते जुळत नाही. आणि पुण्यात ‘ट्रेनिंग काँट्रॅक्ट मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला तर चहाही न घेता ऊठ. इथली कुठलीही फर्म जागेसाठी पैसे घेत नाही.

एलएलएम करायचंच ठरवलंस तर ते काम करून झाल्यावर, एसक्यूई १ खिशात घेऊन कर. तेव्हा १८ महिने पुरतील, कारण तू ट्रेनीच्या रांगेत नसशील, थेट नोकरी शोधत असशील. आत्ता या सुट्टीत करायचं ते एवढं: फोरेज या संकेतस्थळावर फर्म्सचे मोफत ऑनलाइन अनुभव आहेत, त्यातले दोन कर आणि काम खरंच आवडतंय का बघ. झालेल्या सत्रांच्या ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात अर्ज टाक, तिथे किती हेलपाटे पडतात ते तुला मी सांगायला नको. ‘हीच फर्म का’चं एक उत्तर लिहून पाठव, रविवारी वाचून खुणा करून देईन.