पाणी मागून पी

प्रिय पोरा,

तुझा निरोप परवा रात्री वाचला. कौंडण्यपूरच्या पालखीसोबत पायी पंढरपूरला जायचं तुझ्या मनात आहे. मित्र म्हणतात, गाडीनं दोन दिवसांत दर्शन करून येऊ, एवढं चालून काय मिळणार? त्यात पेरणी तोंडावर. पेरणीचं तू बापाशी बोल, त्यात मी पडत नाही. जायचं तर तू ठरवूनच बसला आहेस, हे तुझ्या लिहिण्यावरून कळतं. मला एकच सांगायचं आहे. वाटेत पाणी मागून पी.

शेगावच्या रस्त्यानं हल्ली तुझ्या वयाची पोरं पायी जाताना दिसतात. पाहून बरं वाटतं. पण पुढे टेम्पो, टेम्पोत थंड पाण्याच्या बाटल्यांचे खोके, वर स्पीकर. वाटेतल्या एकाही घराची कडी त्यांना वाजवावी लागत नाही. इतकी गावं ओलांडतात आणि एका माणसाची ओळख होत नाही. घरून निघाले खरे, पण घर सोबतच घेऊन चालले. याला यात्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ज्येष्ठातलं ऊन आहे, एक बाटली पिशवीत ठेव अडीनडीला. पण गाव लागलं की मागून पी. रुक्मिणीच्या माहेरची ही पालखी १५९४ पासूनची सांगतात. एवढी वर्षं माणसं पंढरपूरला पोचली ती लोकांच्या विहिरींवर आणि लोकांच्या भाकरीवर. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका पंढरीला पोचल्या, पण वाटेवरच्या बायांचे भरलेले माठ तसेच राहिले. त्यांची वारी त्या माठापाशीच होते रे. तू मागितलंच नाहीस, तर त्यांनी द्यायचं कोणाला?

मागायची लाज वाटेल. शिकलेल्या माणसाला जास्तच वाटते. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. आधी गाव झाडायचे, मग गाडग्यात भाकर मागून घ्यायचे. पंढरपुरातही त्यांच्या हातात खराटाच असायचा. तुलाही वाटलं तर कुणाचं अंगण झाड, पण मागून पी.

आणि दार निवडू नको. चोखोबांचं जन्मगाव बुलढाण्याचं मेहुणा राजा मानतात, म्हणजे ते आपलेच. हयातभर त्यांना देवळाबाहेर ठेवलं, समाधीसुद्धा महाद्वारासमोर, पायरीशी. ते दार सगळ्यांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. ज्या देवाकडे तू निघालास, त्याच्या दाराची ही गोष्ट आहे.

हे मी तुला कोणत्या तोंडानं सांगतो आहे, तेही ऐक. तुझ्याएवढा असताना मी बाबांसोबत चार दिवस चाललो होतो. मराठवाड्यात शिरल्यावर एका फाट्याजवळ, गावाबाहेरच्या वस्तीत बाबांनी पाणी मागितलं. एक बाई आली. आमच्याकडे पाहिलं, आत गेली, घासलेलाच तांब्या राखेनं पुन्हा घासून भरून आणला. नुसतं पाणी कसं द्यायचं म्हणून तळहातावर गुळाचा खडा. बाबा प्यायले. मी म्हणालो, मला तहान नाही. घसा कोरडा पडला होता माझा. बाईनं काहीच म्हटलं नाही, गूळ मात्र मुठीत मिटून घेतला. बाबांनी माझ्या वाटचा तांब्याही पिऊन टाकला आणि रात्रीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

पुढे त्यांचे गुडघे गेले, तेव्हा मी त्यांना भाड्याच्या गाडीनं पंढरपूरला नेलं. त्याच फाट्यावर ते म्हणाले, "थांबव न बाप्पा गाडी. पाणी प्यायचं हाय मले." मी मागच्या सीटवरची बाटली पुढे केली. दर्शनाची वेळ टळत होती, ड्रायव्हरला रात्री परत निघायचं होतं, पोरीची परीक्षा होती. हे सगळं खरं आहे, मी बहाणे केले नव्हते. कोणीही तेच केलं असतं. बाटली त्यांनी हातात धरली, झाकण उघडलं नाही.

दर्शन छान झालं होतं. दिवाळीनंतर बाबा गेले.

म्हणून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो आहे. तुला त्रास होत असेल तर होऊ दे. चपला जुन्याच ने, नव्या चावतात. पालखी त्या बाजूनं गेली नाही तरी परतताना वाट वाकडी करून तिथे जा, फाट्याचं नाव मी फोनवर सांगतो. ती बाई आता नसेल. दारात जो कोणी असेल, त्याला पाणी माग. एक तांब्या झाला की दुसराही माग, आणि गूळ दिला तर घे.

तुझा,
काका